धूप-अगरबत्तीतील नैसर्गिक किरणोत्सर्ग

धूप, ऊद व अगरबत्ती यांच्या घटकांत मुळातच असलेल्या मूलद्रव्यांचा किरणोत्सर्ग. कोळशाची भुकटी, भुसा, जिगट (चिकटपणासाठी वापरतात ती सालीची भुकटी) आणि बांबूची काडी हे सारे वनस्पतिजन्य असल्याने त्यांत पोटॅशियम-40 (पोटॅशियमचा किरणोत्सर्गी प्रकार) असतेच. माती-धुळीबरोबर युरेनियम व थोरियम मालिकांतील मूलद्रव्येही अल्प प्रमाणात येतात. नवी मुंबईतील वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे अणुकेंद्र असल्याने त्याची सांगड घालण्याचा मोह होतो. या किरणोत्सर्गाचा त्याच्याशी संबंध नाही.

1 ग्रॅम पोटॅशियमची सक्रियता सुमारे 31 बेकेरेल (सेकंदाला तितक्या अणूंचा ऱ्हास) असते. 1 ग्रॅमच्या काडीत 1 टक्का पोटॅशियम धरले, तर ती 0.3 बेकेरेल भरते. प्रौढ शरीरात पोटॅशियमचे आधीच सुमारे 4,000 बेकेरेल असतात. जादा पोटॅशियम शरीर मूत्रावाटे टाकते. जळल्यावर ते बहुतांशी राखेतच उरते.

विचारात घ्यावे असे द्रव्य म्हणजे पोलोनियम-210 (अर्धायुष्य 138 दिवस). रेडॉन या किरणोत्सर्गी वायूच्या ऱ्हासातून झालेले शिसे-210 हवेतून पानांवर व सालींवर बसते आणि त्यापासून हे तयार होते. निखाऱ्याच्या उष्णतेने ते बाष्परूप होऊन धुराच्या कणांवर चिकटते. सिगारेटच्या धुरातील त्याचे अस्तित्व 1964 मध्ये दाखवले गेले. काडीत तंबाखूइतके, म्हणजे 20 मिलिबेकेरेल, पोलोनियम धरले, ते सगळे 30 घनमीटरच्या बंद खोलीत मिसळले आणि माणूस तेथे रोज तासभर बसला, तरी वार्षिक मात्रा 1 मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे एकक) आत राहते. नैसर्गिक स्रोतांची जागतिक वार्षिक सरासरी 2,400 मायक्रोसिव्हर्ट आहे.

मोजणीसाठी नमुना 105 अंश सेल्सियसला वाळवून, दळून हवाबंद डब्यात सुमारे चार आठवडे ठेवतात. मग गॅमा वर्णपटमापकावर पोटॅशियमची 1,460 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा पाहतात. रेडियम त्यापासून होणाऱ्या रेडॉनच्या पुढील मूलद्रव्यांवरून मोजतात, म्हणून झाकण सैल राहिले तर रेडॉन निसटतो आणि रेडियम प्रत्यक्षाहून कमी दिसते. पोलोनियमसाठी नमुना भट्टीत जाळू नये, ते उडून जाते. तो आम्लात विरघळवून चांदीच्या चकतीवर निक्षेप घ्यावा लागतो. काडी मसाल्यासकट तोलली की वेगळी, हे न सांगणाऱ्या आकड्यांची तुलना व्यर्थ असते.

धुराचा घरातील रेडॉनवर होणारा परिणाम वादाचा आहे. रेडॉनची अपत्य-मूलद्रव्ये (त्याच्या ऱ्हासातून होणारी) धूलिकणांना चिकटली की भिंतींवर कमी बसतात, म्हणून हवेत जास्त वेळ राहतात. उलट, कणांना न चिकटलेले मोकळे अणू श्वसनमार्गात अधिक मात्रा देतात आणि धुरामुळे नेमके तेच घटतात. घरगुती वापरात हे दोन परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ठाणे परिसराचा बेसॉल्ट खडक तर रेडॉनचे मूळ असलेल्या युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीबच आहे.

धोका किरणोत्सर्गापेक्षा धुराचा मोठा. 1 ग्रॅम धूप जळताना सुमारे 45 मिलिग्रॅम सूक्ष्मकण सुटतात, सिगारेटमधून सुमारे 10. सिंगापूरमधील चिनी रहिवाशांच्या 2008 च्या अभ्यासात दीर्घकाळ वापराशी वरच्या श्वसनमार्गाच्या कर्करोगाचा संबंध आढळला. एकूण फुप्फुस-कर्करोगाशी तो स्पष्ट नव्हता. स्वयंपाकघरातच देवघर असलेल्या वन बीएचकेत स्लायडिंग खिडकी लावून आणि एसी चालू ठेवून एकाच वेळी दोन-तीन काड्या लावू नयेत. दमेकऱ्याच्या खोलीत एकही लावू नये.