बिबट्यानं कोंबड्या नेल्या, शेळी मारली: भरपाईचा अर्ज कुठं अडतो

ऊसतोड सुरू झाली की शिराळा, वाळवा, कराड, पाटण इकडच्या वस्त्यांवर एकच विषय, रात्री खुराडं फोडलं, दहा-बारा कोंबड्या गेल्या, भरपाई मिळंल का. आधी हेच सांगतो म्हणजे हेलपाटे तरी वाचतील. वनविभागाच्या भरपाईच्या शासन निर्णयात गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी यांची नावं आहेत, कोंबडीचं नाव नाही. माणसं पक्ष्यामागं 100 रुपये मिळतात असं कुठंतरी ऐकून येतात. ती मदत वेगळी, पूर-अतिवृष्टीसारख्या आपत्तीची, तहसीलमधनं मिळणारी, कुटुंबाला जास्तीत जास्त 10,000. वन्यप्राण्यानं कोंबड्या नेल्या तर ती लागू होत नाही. घरच्या बाईचे अंड्याचे पैसे, पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे एका रात्रीत जातात आणि सरकारच्या हिशेबात त्याला रकानाच नाही, हे बरोबर नाही, हे मी दरवेळी वनरक्षकालाही बोलून दाखवतो.

पण खुराड्याशेजारी बांधलेली शेळी, करडू, रेडकू मेलं असंल तर अर्ज करायचाच. शेळी-मेंढीला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000, यातलं जे कमी ते. गाय, म्हैस, बैलाला 75 टक्के किंवा 70,000, जे कमी ते. हे "जे कमी ते" कुणी वाचतच नाही. शेळीची किंमत 12,000 ठरली तर हातात 9,000 येणार, 15,000 नाही.

घटना घडल्यापासून 48 तासांत जवळच्या वन कार्यालयात कळवायचं असतं. सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. शनिवारी रात्री शेळी मेली, रविवारी सुट्टी, सोमवारी बाजार, मंगळवारी ऑफिसात, झालं, मुदत संपली. 48 तास घड्याळाचे मोजायचे, सुट्टी त्यात धरलेलीच आहे. रात्रीच 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा, वेळ लिहून ठेवा, सकाळी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोच नसंल तर नंतर तुमचं कोण ऐकणार.

दुसरी चूक पंचनाम्याआधीच. आमच्या वाडीतल्या एका काकूंनी वास सुटंल म्हणून सकाळीच शेळी पुरून टाकली, दुपारी वनपाल आले तर दाखवायला काहीच नाही. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा, ओढत नेल्याचा माग, रक्त, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा, आणि ओल्या मातीत ठसा असंल तर त्यावर घमेलं पालथं घाला, नाहीतर गर्दीत तो पहिला तुडवला जातो. बिबट्या चालताना नखं आत घेतो म्हणून ठसा गोल दिसतो आणि नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशाला नखं दिसतात. पंचनाम्यात मोकाट कुत्रं लिहिलं गेलं तर भरपाई नाही, म्हणून सही करायच्या आधी तो पूर्ण वाचून घ्या, मागून वाद घालून काही होत नाही. बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा भरपाईच्या यादीत आहेत, मुंगूस-उदमांजर नाहीत.

आता ज्या गोष्टीशी सगळे अडतात ती, म्हणजे जनावराच्या कानातला नोंदणीचा टॅग. 1 जून 2024 पासून टॅग नसलेल्या जनावराची वन्यप्राण्याच्या हल्ल्यातली भरपाई देय नाही. आमच्याकडं गाई-म्हशींना टॅग असतो, शेळ्यांना तो कुणी मारून घेत नाही. आठवडी बाजारातनं आणलेल्या जनावराचा टॅग जुन्या मालकाच्याच नावावर राहतो तेही बघा, जनावरांच्या दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्या. हे काम आत्ता करायचं, शेळी मेल्यावर नाही. बाकी आधार, पासबुक, पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदन आणि किमतीचा दाखला, हे सोपं आहे.

पिंजऱ्यासाठी ग्रामपंचायतीचं पत्र वनक्षेत्रपालांना द्या, पण बिबट्या पकडायची परवानगी नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडनं येते, गार्डवर ओरडून पिंजरा लागत नाही. आणि कृपा करून मेलेल्या कोंबडीत थिमेट, म्हणजे विषारी कीटकनाशक, घालू नका, क्लचवायरची फासकी लावू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात विष घालणं, फासे लावणं ही शिकारच आहे, आणि बिबट्याच्या बाबतीत शिक्षा 3 ते 7 वर्षं. विष खाऊन आधी आपलंच कुत्रं मरतं.

मग कोंबड्यांचं काय? पातळ कोंबडीजाळी बिबट्या एका पंजात फाडतो. वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी, लावा, छताला पण, आणि मुंगूस खालनं उकरतं म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडा. दिवे लागायच्या आत कोंबड्या कोंडा, आणि वस्तीला लागून असलेल्या उसाच्या कडेचं पाचट तेवढं काढून टाका, बिबट्या दबा धरून तिथंच बसतो.