झायोनिझम महायुद्धानंतरचा नाही

‘दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या संहारातून झायोनिझम जन्मला,’ असा मेसेज अधूनमधून फिरतो. झायोनिझम म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये स्वतःची राष्ट्रभूमी मिळावी यासाठीची चळवळ. इस्रायलची स्थापना १९४८ ची, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण चळवळ त्याहून बरीच जुनी. १८८१ पासून रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ल्यांची मोठी लाट आली. १८८२ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या जाफाजवळ रिशोन लेझिऑन ही ज्यूंची वसाहत उभी राहिली. राजकीय कार्यक्रम ठरला १८९७ च्या ऑगस्टमध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या झायोनिस्ट परिषदेत.

पडताळायचं असेल तर बाल्फोर जाहीरनामा शोधा, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रभूमीला पाठिंबा देणारं ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचं पत्र. जेमतेम पानभर आहे. त्यात ‘झायोनिस्ट’ शब्द सरळ छापलेला, आणि वर तारीख २ नोव्हेंबर १९१७. हिटलर सत्तेवर आला १९३३ मध्ये! संहारामुळे ज्यू राज्याच्या मागणीला मोठं बळ मिळालं, एवढा भाग मात्र खरा.