'डॅम्प' आणि 'डँक': दोन्हींत ओल, पण सारखी नव्हे

इंग्रजीतला 'डॅम्प' (damp) म्हणजे ओलसर आणि 'डँक' (dank) म्हणजेही ओलसर, असं पाठ केलं की घोळ तिथूनच सुरू होतो.

फडकं घट्ट पिळा. थेंब पडायचे थांबले, पण गालाला लावल्यावर गार लागतंय, तर ते डॅम्प. अजून ठिबकत असेल तर 'वेट'. डॅम्प पाणी किती एवढंच सांगतो, चांगलं-वाईट ठरवत नाही. सुती कपडे जरा डॅम्प असताना इस्त्री चांगली बसते, फर्निचर डॅम्प फडक्याने पुसतात. अशा सूचनेत डँक लिहिलंत तर वाचणारा नाक मुरडेल.

कारण डँकला बहुधा जागा लागते, आणि तीही कोंडलेली. पावसाळाभर बंद राहिलेल्या तळघराचं दार उघडा. भिंतीला हात लावायच्या आधी नाकाला कळतं! ओल, गारठा, बुरशीचा वास, ऊन-वारा न लागलेली हवा, हे सगळं मिळून डँक. म्हणूनच इंग्रजीत तो तळघर, गुहा, अंधारकोठडी यांच्याबरोबर भेटतो आणि जोडीला अनेकदा 'डार्क' असतो. मराठीत तो एका शब्दात मावत नाही. 'कुबट' म्हटलं तर वास येतो, पण ओल सुटते. 'दमट'मध्ये ओल येते, गारठा सुटतो. भाषांतर करताना सरळ दोन विशेषणं घ्यावीत: 'गार, कुबट तळघर'.

उच्चार सोपे आहेत: डँक बँकसारखा, डॅम्प कॅम्पसारखा.

डॅम्प नाम म्हणूनही चालतो. जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून भिंतीत वर चढतं, त्याला ब्रिटनमध्ये 'रायझिंग डॅम्प' म्हणतात. ते अडवायला जोत्याच्या पातळीवर घालतात तो ओलरोधक थर म्हणजे 'डॅम्प प्रूफ कोर्स', म्हणजेच आपल्या बांधकामावरची डीपीसी. मात्र 'फायरडॅम्प' या शब्दात ओल शोधू नये. डॅम्पचा जुना अर्थ वाफ, वायू असा होता आणि फायरडॅम्प म्हणजे कोळशाच्या खाणीतला, मुख्यतः मिथेन असलेला स्फोटक वायू. त्याच्या धोक्यामुळेच ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१५ साली ज्योतीभोवती जाळी असलेला दिवा तयार केला.

मराठी माणसाची नेहमीची चूक म्हणजे मे महिन्यातल्या मुंबईच्या हवेला डँक म्हणणं. घामाच्या धारा काढणारी ती हवा 'ह्युमिड'. डँकमध्ये उकाडा बसत नाही. भीतीने गार घाम सुटलेले तळहात 'क्लॅमी'. सादळलेल्या पापडाला यांतलं काहीच लागू नाही, तो नुसता 'सॉफ्ट' झालेला असतो.

आणि मुलांच्या तोंडी 'डँक मीम' ऐकलंत तर बुरशी आठवू नका. उग्र, कडक गांजासाठी हा शब्द बोलीत कौतुकाने वापरला जाऊ लागला आणि तिथून मीमला चिकटला.