माळवद

माळवद : लाकडी सांगाड्यावर पेललेले मातीचे सपाट छत, लक्षणेने असे छत असलेले घर. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ व जत या कमी पावसाच्या तालुक्यांत हा प्रकार रूढ होता व काही गावांत अजून आहे. मराठवाड्यात यालाच धाबे म्हणतात. माणदेशात (माण व त्याभोवतालच्या भागात) वर्षाला सुमारे ५०० मिमी. पाऊस पडतो, तर सातारा जिल्ह्यातीलच, पण पश्चिमेकडील महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमी.हून अधिक. सपाट मातीचे छत पूर्वेलाच का टिकले, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

व्युत्पत्ती : माळासारखे सपाट ते माळवद, अशी फोड सहज सुचते. मात्र कन्नडमध्ये ‘माळिगे’ म्हणजे सपाट छत किंवा वरचा मजला. जतचा पूर्व भाग आजही मराठी-कन्नड द्वैभाषिक आहे, आणि ‘माडी’ हा शब्दही दोन्ही भाषांत नांदतो. हे पाहता कन्नडशी नाते जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. शब्दाच्या शेवटच्या ‘वद’चा उलगडा मात्र त्याने होत नाही.

प्राचीनता : पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती मिळाली (स्थूलमानाने इ. स. पू. १६०० ते ७००). तेथे मातीच्या बुटक्या भिंती, कुडाचे (काटक्या-कामट्यांच्या भिंतीचे) अवशेष, खांबांचे खळगे आणि चुना करणाऱ्याचे म्हणून ओळखले गेलेले घरही आढळले. त्यावरून आजच्या माळवदापर्यंत सलग परंपरा ओढण्याचा मोह होतो. परंतु इनामगावची छपरे गवताने शाकारलेली असावीत, असे उत्खननकर्त्यांचेच अनुमान आहे. भिंतीची परंपरा जुनी आणि छताची तुलनेने अलीकडची, असे धरणे सुरक्षित.

उभ्या घरावरून कालनिर्णय करणे त्याहून अवघड आहे. गावठाणाच्या जमिनीला पांढरी व शेतजमिनीला काळी म्हणतात. घराची माती पांढरीतूनच काढतात. ही पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतील राख, शेणकूट आणि पडलेल्या भिंती यांचा साठा होय. म्हणजे आजची भिंत बहुधा आधीच्या कुठल्या तरी घराची भिंत असते. पडक्या माळवदाच्या भिंतीत बोट घातले, तर खापराचे तुकडे, कोळशाचे कण, एखादा काचेच्या बांगडीचा तुकडा हाती येतो. ते त्या घरातले नसतात. लाकडाचेही तसेच. जुन्या घराच्या तुळया उतरवून नव्या घरात चढवतात. खांबाच्या मधोमध निरर्थक खाच दिसली, तर तो खांब पूर्वी दुसरीकडे उभा होता असे समजावे. दरवाजाच्या चौकटीवर शक कोरलेला असला, तरी तो चौकटीचा, घराचा नव्हे. काही जिल्हा-वर्णनांत हा फरक केलेला दिसत नाही.

माती : काळी माती पाण्याने फुगते व वाळताना भेगाळते, ती भिंतीला नको आणि छताला तर मुळीच नको. पांढरीत राख व चुनखडीचा अंश असल्याने ती कमी फुगते, असे सामान्यतः मानले जाते. माती आळ्यात भिजवून त्यात गव्हाचा भुसा, बाजरीच्या सरमाडाचे तुकडे किंवा मिळेल ते काड व शेण घालून पायाने तुडवतात आणि काही दिवस मुरू देतात. मुरलेल्या चिखलाला आंबूस वास येतो व तो हाताला चिकटेनासा होतो. मग त्याचे भेंडे (कच्च्या विटा) पाडतात किंवा थेट थर घालतात. काडामुळे एक मोठी भेग पडण्याऐवजी अनेक बारीक केसासारख्या भेगा पडतात. काड जास्त झाले की वाळवीला आमंत्रण. जोते काळ्या दगडाचे, त्यावर दीड-दोन फूट जाडीची भिंत. एक थर सुकल्याखेरीज दुसरा घालत नाहीत.

सांगाडा व छत : दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या (आडवे वासे), कड्यांवर किलच (लाकडाच्या चिरफळ्या). दोन खांबांमधील गाळा म्हणजे खण. घर किती मोठे, हे ‘पाच खणी’, ‘नऊ खणी’ असे खणांतच सांगतात. ऐपत असेल तेथे साग, नाही तर बाभूळ, लिंब. किलचांवर तुराट्या व लिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा गिलावा आणि सर्वांत वर फूटभर माती धुमसाने (चोपण्याच्या लाकडी ठोकळ्याने) चोपून बसवतात. उतार अगदी थोडा, पन्हळीकडे. उजेडासाठी व धुरासाठी छतात साणे (झरोका) ठेवतात. पावसात त्यावर पाटी पालथी घालतात. झोपण्यासाठी व वाळवणासाठी छताचा उन्हाळ्यातील वापर सर्वपरिचित आहे.

वरच्या थराला खारी माती लागते. तिच्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात, त्यामुळे पाणी झिरपत नाही. शिवाय क्षारामुळे गवत उगवत नाही. कृष्णाकाठी अतिसिंचनाने चोपण झालेल्या जमिनीत निचरा होत नाही, त्यामागेही हेच रसायन आहे. शेतकऱ्याचे दुखणे ते माळवदाचे औषध!

दोष याच उपायात आहे. मृगाआधी दरवर्षी नवी माती टाकतात, पण जुनी खरवडून काढण्याचा कंटाळा करतात. अर्धा इंच म्हटले तरी तीस वर्षांत सव्वा फूट. फूटभर जाडीच्या कोरड्या मातीचे वजन चौरस फुटाला सुमारे ४५ किलो असते, भिजल्यावर अधिक. तुळई पोटात येते (मधे वाकते) ती एका पावसाने नव्हे, या साठलेल्या ओझ्याने.

चुना : सामान्य घरात चुना सफेदीपुरता, गिलावा वाडे व देवळांचा. वाईजवळील मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरील चित्रे टिकून आहेत. या भागात चुन्यासाठी ओढ्यांतील व काळ्या जमिनीतील चुनखडीचे खडे वापरतात. ते सुमारे ९००° से. तापमानाला भाजले की कार्बन डाय-ऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो. पाण्यात तो विरतो आणि लेपाच्या रूपात हवेतील तोच वायू पुन्हा घेऊन दगड बनतो. खड्यात मातीचा अंश असल्याने हा चुना काहीसा पाण्यातही घट्ट होतो. विरलेला चुना वाळूसह बैलांच्या घाणीत मळून त्यात गूळ व हिरड्याचे पाणी घालत. मातीच्या भिंतीवर चुना थेट धरत नाही: टाचे मारून (खाचा पाडून), मध्ये ताग घातलेल्या माती-चुन्याचा हात द्यावा लागतो. त्याऐवजी सिमेंटचा गिलावा केल्यास आतली ओल अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडा भिंतीची माती घेऊनच सुटतो.

भूकंप : ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात पडझडीचा ठपका सरसकट ‘मातीच्या घरां’वर आला. किल्लारी परिसरातील बहुतेक भिंती मात्र चिखलात रचलेल्या गोल, ओबडधोबड दगडांच्या होत्या. दोन्ही अंगे जोडणारे आरपार दगड त्यांत क्वचितच होते, आणि वर मातीचे अवजड छत होते. निव्वळ मातीची भिंत व दगडमातीची भिंत यांत भेद केला पाहिजे. मातीच्या इमारतींसाठी भारतीय मानक १३८२७ (१९९३) स्वतंत्र आहे, ते यामुळेच. छताचा भार खांबांवर असलेले माळवद भिंत ढासळूनही उभे राहू शकते. भार भिंतीवरच टाकलेले माळवद तसे उभे राहू शकत नाही.

पश्चिम पट्टा : पाटण, जावळी, शिराळा या भागांत माळवद नाही. तेथे कारवीच्या किंवा चिव्याच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर भाताचा पेंढा किंवा कौले.

सद्यःस्थिती : घरकुल योजनेसाठी आधार धरलेल्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत मातीची भिंत व छत ‘कच्चे’ धरले गेले. त्यामुळे अनेक गावांत स्लॅबचे घर पुढे आणि माळवद मागे, कडबा व शेळ्यांसाठी, अशी मांडणी दिसते. मागच्या माळवदावर खारी माती टाकायला आता कोणी चढत नाही. पहिल्यांदा साण्याच्या कडेचा पाला कुजतो, मग किलच. तुळया त्याआधीच विकलेल्या नसतील, तर त्या सर्वांत शेवटी खाली येतात, आणि बाकीचे पांढरीत मिसळते.