लाइन गेली की दार सुटलंच पाहिजे

एस्केप रूम म्हणजे पैसे घेऊन माणसं कोंडतात, असा समज पक्का बसलेला आहे. २००७ मध्ये जपानमधल्या क्योतो शहरात ताकाओ कातो यांनी हा खेळ सुरू केला. पाच-सहा जण, तासभर वेळ, खोलीभर लपवलेले धागेदोरे आणि एकामागून एक उघडत जाणारी कुलपं, हा त्याचा आजचा रुळलेला साचा. तालुक्याच्या गावी, शाळेच्या रिकाम्या वर्गखोलीतही तो बसवता येतो. कोंडायची मात्र काहीच गरज नसते. नीट बसवलेल्या खोलीचं दार विजेच्या जोरावर मिटलेलं असतं आणि वीज गेली की ते आपोआप सुटतं. लाइन केव्हाही जाऊ शकते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

आधी साधं आकडी कुलूप घ्या. तीन चकत्यांच्या कुलपात १,००० जोड्या होतात. एका जोडीला तीन सेकंद धरले तर कोडं न सोडवताच ५० मिनिटांत ते हमखास उघडतं. दोन आकडे सापडले असतील तर उरतात दहाच जोड्या, म्हणजे अर्धं मिनिट. पोट्टे हे लगेच हेरतात. चार चकत्यांना १०,००० जोड्या, आठ तासांहून जास्त. तिथे डोकंच चालवावं लागतं. आणि सगळी कोडी एकाच माळेत ओवू नका. दोघं सोडवतात, बाकीचे चौघं भिंतीला टेकून पाहत राहतात. सुरुवातीला तरी तीन कोडी एकाच वेळी सुटण्याजोगी हवीत.

त्यानंतर रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत लोखंड-निकेलच्या दोन पात्या असतात. चुंबक एक-दीड सेंटीमीटरवर आला की त्या चिकटतात आणि सर्किट पूर्ण होतं. नकाशाच्या पाटीमागे तो लपवायचा, मूर्तीच्या तळाला चुंबक डकवायचा, मूर्ती योग्य गावावर ठेवली की पेटी उघडते. बिघाड ठरलेले आहेत. नळीला लागूनच तार वाकवली की काच तडकते. पक्कडीने तार काचेपासून तीन-चार मिलिमीटरवर धरून मगच वाकवा. आणि पेटीच्या सोलेनॉइड कुलपाचा, म्हणजे तारेच्या गुंडाळीने खिट्टी ओढणाऱ्या कुलपाचा, प्रवाह थेट या पात्यांमधून नेऊ नका, त्या वितळून कायमच्या चिकटतात. मध्ये रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच घाला. प्रवाह तुटताना गुंडाळीतून उसळणारी वीज जिरवायला तिला १एन४००७ डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, उलटा लावा, चंदेरी पट्टा धन टोकाकडे.

अशा खोलीला गुप्तधन किंवा भानामतीची कथा जोडायचा मोह होतो. टाळा. ज्या भागात गुप्तधनाच्या नावाखाली आजही माणसं फसवली जातात, तिथे आपोआप उघडणारी पेटी दाखवून भोंदूंचं काम सोपं करू नये. खेळ संपला की पाटी उलटून मागची वायर सगळ्यांना दाखवा.

खरी मजा आहे मुख्य दारावरच्या विद्युतचुंबकी कुलपात, म्हणजे मॅगलॉकमध्ये. चौकटीवर तारेची गुंडाळी असलेला लोखंडी ठोकळा, दारावर जाड लोखंडी पट्टी. १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे फक्त ६ वॅट. आणि पकड २८० किलोची! चुंबकाची ओढ क्षेत्राच्या तीव्रतेच्या वर्गाप्रमाणे वाढते. ही तीव्रता टेस्लामध्ये मोजतात. १ टेस्लाला दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे ४ किलो, दीड टेस्लाला ९ किलो. तीस-बत्तीस चौरस सेंटीमीटर पृष्ठभागात काम भागतं.

एवढी तीव्रता ६ वॅटमध्ये मिळते, कारण चुंबकीय रेषांची सगळी वाट लोखंडातून जाते. नरम लोखंडातून त्या हवेपेक्षा हजारो पटींनी सहज जातात. ही पट २,००० धरली तर ०.१ मिलिमीटरची, म्हणजे कागदाच्या जाडीची फट २० सेंटीमीटर जादा लोखंडाएवढा अडथळा करते. कुलपातली अख्खी वाटही एवढी लांब नसते. त्यात ही फट दोन्ही ध्रुवांवर पडते. तीव्रता निम्मी झाली की ओढ चौथाईवर.

म्हणून काळ्या मातीची धूळ आणि वेचणीच्या दिवसांत उडणारे कापसाचे तंतू रोज कोरड्या फडक्याने पुसा. दार रंगवताना पट्टीवर ऑइल पेंट फासू देऊ नका. पट्टीच्या बोल्टखालचा रबरी वॉशर काढून टाकू नका. पट्टी किंचित डुलली तरच ठोकळ्यावर सपाट बसते. घट्ट आवळली की एका कडेवरच टेकते.

उन्हाचाही हिशेब आहे. गुंडाळीतल्या तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. बाहेर ४५ अंश असताना गुंडाळी ६५ वर गेली, तर २० अंशांच्या तुलनेत प्रवाह १५ टक्के घटतो. लोखंड संपृक्त, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ न शकणारं, झालेलं नसेल तर ओढ २८ टक्क्यांनी. वीस मीटर लांब, ०.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर आणखी ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. हे सगळं धुळीसोबत जमून आलं की एखाद्या धसमुसळ्या पोराच्या झटक्याने दार उघडतं आणि खेळ विसाव्या मिनिटाला संपतो. शिवाय सहा माणसं मिळून सुमारे ६०० वॅट उष्णता सोडतात. कूलर खिडकीबाहेर आणि समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. खरं तर दिवाळी ते शिमगा हाच या खेळाचा हंगाम.

इन्व्हर्टर जोडायची घाई मात्र करू नका. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी हे कुलूप बारा-चौदा तास धरून ठेवेल, आणि लाइन गेल्यावर सुटण्याचा गुणच मारला जाईल. पोलंडमधल्या कोशालिन शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी एस्केप रूमला आग लागली तेव्हा आतल्या १५ वर्षांच्या पाच मुलींना बाहेर पडता आलं नाही. पाचही दगावल्या. बॅटरी हवी ती दिव्यासाठी. कुलपाच्या धन वायरमध्ये, दाराशेजारी, एरवी जोडलेलं राहणारं आणि दाबल्यावर तुटणारं लाल बटण थेट बसवा. खेळ चालवणाऱ्या अर्डुइनोमार्फत, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डामार्फत नको, प्रोग्राम अडकला तर बटणही अडकेल.

प्रत्येक खेळाआधी मेन स्विच बंद करून पाहा. दार एका बोटाने ढकलून उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर लोखंडात उरलेलं चुंबकत्व पट्टीला धरून आहे. ते सोडवायला पट्टीत बारीक स्प्रिंगची खुंटी असते, ती बहुधा गंजून आत रुतलेली सापडेल.