लाइटबिलातून आलेलं वर्चस्व

"युरोपीय संघाच्या राज्यघटनेतच लिहिलंय, त्यांचा कायदा सदस्य देशांच्या कायद्याच्या वर." टॉवेल निर्यातीचा विषय निघाला की सोलापुरात कोर्टाबाहेरच्या टपरीवर हे वाक्य कुणीतरी टाकतंच. मुळात संघाला राज्यघटनाच नाही. मसुदा होता, २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो फेटाळला. नंतरच्या लिस्बन करारातही हे तत्त्व कलमात नाही, मागे जोडलेल्या एका घोषणापत्रात आहे.

मग आलं कुठून? एका लाइटबिलातून! इटलीत विजेचं राष्ट्रीयीकरण झालं. मिलानचे वकील फ्लामिनियो कोस्टा यांचे एका वीज कंपनीत शेअर होते. हे राष्ट्रीयीकरण युरोपीय कराराविरुद्ध आहे म्हणत त्यांनी दोन हजार लिराहूनही कमी रकमेचं बिल अडवलं. (आपल्याकडचे वकील एवढ्यासाठी वकीलपत्र तरी घेतील का, शंकाच आहे.) किरकोळ दावे पाहणाऱ्या स्थानिक न्यायाधीशाने प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला आणि १९६४ मध्ये त्या न्यायालयाने हे तत्त्व सांगून टाकलं.

खरी मेख त्या स्थानिक न्यायाधीशात आहे. लक्झेंबर्गकडे ना पोलीस, ना बेलीफ. देशोदेशीचे न्यायाधीश प्रश्न पाठवतात, आलेलं उत्तर स्वतःच्या निकालात उतरवतात, म्हणून ते चालतं. २०२० मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने असं एक उत्तर चक्क मानलं नाही.