जहाजे व जलयंत्रे यांची कोरीव मुद्राचित्रे

सोळाव्या ते अठराव्या शतकांत यूरोपात लाकडी ठशांवरून किंवा कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली गलबते, पंप, पाणचक्क्या आणि कालव्यांची चित्रे. लाकडी ठशात रेषेभोवतीचे लाकूड काढून टाकतात आणि उठावाला शाई लागते. तांब्यावर शाई खाचेत राहते व दाबाखाली ओलसर कागद ती टिपून घेतो. तांब्यावरची रेघ फार बारीक निघते, त्यामुळे शिडांच्या दोरखंडांचे जाळे त्यातच खुलून दिसते.

जलयंत्रांच्या चित्रणात जॉर्जियस अॅग्रिकोला यांचा खाणकामावरील ग्रंथ (१५५६) पायाभूत मानावा लागतो. त्यातील चित्रे लाकडी ठशांची आहेत. खाणीतले पाणी उपसणारा पंप जोडलेल्या स्थितीत दिसतो आणि शेजारी त्याचेच दट्टे, झडपा, नळ सुटे मांडलेले असतात. प्रत्येक भागाला अक्षर आणि मजकुरात त्याचा खुलासा. बंद नळाच्या आत काय चालते हे नुसत्या शब्दांनी सांगणे किती अवघड, हे ही चित्रे पाहिल्यावर कळते. इटालियन अभियंते आगोस्तिनो रामेल्ली यांच्या १५८८ मधील पॅरिसच्या यंत्रविषयक ग्रंथात १९५ चित्रे असून त्यांतील निम्म्याहून अधिक पाणी उचलण्याविषयी आहेत. तेथे जमीन, भिंत कापून आतली चक्रे उघडी केलेली दिसतात. मात्र काही यंत्रांत दातेरी चाके इतकी आहेत की बरीच शक्ती घर्षणातच खर्ची पडली असती. ती कल्पनाशक्तीची साक्ष म्हणूनच पाहावीत.

जहाजांच्या बाबतीत फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगल (थोरले) यांच्या रेखाटनांवरून फ्रान्स हाउस यांनी कोरलेली व अँटवर्पला हिएरोनिमस कॉक यांनी प्रसिद्ध केलेली गलबतांच्या चित्रांची मालिका महत्त्वाची आहे. पुढे स्वीडिश जहाजबांधणीकार फ्रेडरिक हेन्रिक आफ चॅपमन यांच्या १७६८ च्या गलबतांच्या आराखड्यांच्या संग्रहात समुद्र, ढग, वारा सगळे गळाले. उरल्या त्या सांगाड्याच्या वक्ररेषा आणि मापपट्टी. त्यांवरून गलबत बांधता येत असे.

अभ्यासकाने एक गोष्ट मात्र विसरू नये: छाप उलटी पडते. कोरणाऱ्याने मूळ रेखाटन आरशातल्यासारखे फिरवून घेतले नसेल, तर गलबताची डावी बाजू उजवी होते, चाक विरुद्ध दिशेने फिरताना दिसते आणि पाणी उचलणाऱ्या आर्किमिडीजच्या स्क्रूचा पीळही उलटा होतो.